मुंबईतल्या पुतळ्यांची एका दिवसाची गाडीवारी, आणि 'आजोबा' नावाचं नवीन एकक

अबोली

नाताळच्या सुट्टीत आमची अर्धी सोसायटी लोणावळ्याच्या घाटात अडकून स्टेटस टाकत होती. आम्ही शहाणपणा केला, मुंबईतच फिरलो. आम्ही म्हणजे मी (गाडी चालवायला), माझे बाबा (वय ७६, जन्म गिरगावातला) आणि मुलगा ओजस (वय ९, प्रश्न अगणित). नवऱ्याची ड्युटी होती.

कल्पना ओजसची. शाळेतून 'मोठ्या वस्तूंची मापे' असा प्रकल्प मिळाला होता. बाकीची मुलं इमारती घेणार, म्हणून याने उघड्यावरचे पुतळे घेतले. टेप लावून पुतळा मोजता येत नाही, तेव्हा त्याने तोडगा काढला. पुतळ्याच्या पायाशी आजोबांना ताठ उभं करायचं, लांबून फोटो काढायचा आणि फोटोत किती आजोबा एकावर एक बसतात ते मोजायचं. बाबांची उंची साडेपाच फूट. तर १ आजोबा = ५.५ फूट. पुढे दिवसभर आमच्या गाडीत हेच एकक चाललं.

रविवारी पहाटे साडेपाचला बोरिवलीहून निघालो. हायवे, सी-लिंक, कोस्टल रोडचा बोगदा, आणि सूर्य वर यायच्या आत गेटवे. त्या वेळी दक्षिण मुंबईत गाडी चालवताना आपण नेहमी कोणत्या शहरात राहतो असा प्रश्न पडतो.

गेटवेसमोरचा अश्वारूढ शिवाजी महाराजांचा पुतळा २६ जानेवारी १९६१ चा. महाराष्ट्र राज्य होऊन वर्षही झालं नव्हतं. बाबा म्हणाले, त्याआधी इथे पाचवा जॉर्ज उभा होता. ओजस म्हणाला, मग तो कुठे गेला? हा त्याचा पहिला 'कुठे गेला'. असे दिवसभरात पाच-सहा झाले.

तिथून काळा घोडा. आता तिथे जो आहे तो २०१७ मध्ये बसवलेला, पाठीवर कोणी नसलेला घोडा. ओजसने मान वर करून विचारलं, "ह्याच्यावरचा माणूस उतरून कुठे गेला?" बाबांना तेवढंच हवं होतं. तिथल्या कट्ट्यावर बसून त्यांनी सगळं सांगितलं. मूळ घोड्यावर एडवर्ड बसलेला होता, पुढे सातवा एडवर्ड झाला तो. १८७५-७६ ला युवराज असताना तो मुंबईत आला होता, त्याची आठवण म्हणून अल्बर्ट ससून यांनी पुतळा शहराला दिला, बोम नावाच्या शिल्पकाराने केला, १८७९ मध्ये उभा राहिला. ब्राँझ काळं पडत गेलं आणि लोकांनी राजाला बाजूला सारून नाव घोड्याचं ठेवलं. १९६५ मध्ये पुतळा हलवला. बाबा तेव्हा मॅट्रिकच्या आसपास. म्हणाले, "पुतळा गेला पण बसचा कंडक्टर 'काळा घोडाऽऽ' ओरडायचाच." म्हणजे ५२ वर्षं घोडा नसताना चौकाचं नाव घोड्याचंच राहिलं.

हुतात्मा चौकात गाडी थांबवता येत नाही, पण रविवारी सकाळी सात वाजता येते. एका बाजूला १८६४ चं फ्लोरा फाउंटन, वर रोमन फुलांची देवी. शेजारी मशाल धरलेले शेतकरी आणि कामगार. ओजसला देवी आवडली. बाबा मात्र मशालीपुढे चप्पल काढून उभे राहिले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांच्या चाळीतली माणसं होती. तिथे त्यांना मोजमापासाठी उभं करायचं ओजसला कसं कोण जाणे, पण सुचलं नाही.

सीएसएमटीला घुमटावरची बाई (उजव्या हातात मशाल, डाव्या हाताशी चाक, तिचं नाव 'प्रगती') मोजायचा प्रयत्न फसला. आजोबांना घुमटावर नेता येत नाही. फाटकावरचे सिंह आणि वाघ मात्र बघून घ्या. सिंह ब्रिटनचा, वाघ आपला. रोज लाखो लोक खालून जातात, मीही दहा वर्षं गेले, एकदाही वर बघितलं नव्हतं.

मग गिरगावात मिसळ. चौपाटीवर लोकमान्य. १ ऑगस्ट १९२० ला टिळक गेले, त्यांचे अंत्यसंस्कार याच वाळूवर झाले. पुतळा रघुनाथ कृष्ण फडके यांनी घडवलेला. वर मलबार हिलला म्हातारीचा बूट (बागेतलं बुटाच्या आकाराचं घर). ओजसच्या मते तो पुतळाच, फक्त म्हातारी दिसत नाही. ("ती कुठे गेली?")

आता मुख्य गोष्ट. साडेदहाला भायखळा, राणीची बाग. पेंग्विनसाठी ही रांग. आणि भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात शुकशुकाट. तिथे ओजसला त्याची उत्तरं सापडली. काळ्या घोड्यावरचा माणूस? भायखळ्यात, घोड्यासकट. घारापुरीला ज्याच्यावरून पोर्तुगिजांनी 'एलिफंटा' नाव दिलं तो दगडी हत्ती? भायखळ्यात. फोर्टमधली संगमरवरी व्हिक्टोरिया राणी? तीही इथेच, मागच्या हिरवळीवर. ओजस म्हणाला, "आई, म्हणजे आपण पुतळे बघायला फिरतोय आणि पुतळे आपल्या आधीच फिरून आलेत."

हत्तीची हकिगत तर रडायला लावणारी आहे. १८६४ मध्ये तो उचलून इंग्लंडला न्यायचा बेत होता. उचलताना साखळी तुटली, हत्ती पडला आणि त्याचे तुकडे झाले. तुकडे मुंबईत आणून टाकले आणि १९१४ मध्ये सांधून पुन्हा उभा केला. जवळ जाऊन बघितलं की सांधे दिसतात. बाबांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला, म्हाताऱ्या शेजाऱ्याच्या फिरवावा तसा.

लालबागला जेवलो. परळच्या बारादेवी मंदिरातली शिवमूर्ती बघितली. एकाच शिळेत एकातून एक निघालेले सात शिव, १९३१ मध्ये रस्त्याच्या कामात सापडलेली, सहाव्या शतकाच्या सुमाराची. साधारण २ आजोबा. परतताना शिवाजी पार्कला १९६६ चा पुतळा. महाराजांच्या हातात उपसलेली तलवार नाही, हात पुढे केलेला आहे. हे मला आत्ता, चाळिशीत कळलं.

शेवट कान्हेरीला. गाडी नॅशनल पार्कच्या गेटाशी ठेवली आणि आतल्या बसने वर गेलो. ३ नंबरच्या लेण्याच्या ओसरीत दोन टोकांना दोन उभे बुद्ध. ओजसचं माप : ४ आजोबा. पुस्तकात सुमारे २२ फूट दिलेत, म्हणजे एकक बरोबर चाललं! आणि एवढ्या दिवसात जागचा अजिबात न हललेला पुतळा हाच. हलणार कसा, तो डोंगरच आहे. आमच्या घरापासून जेमतेम आठ किलोमीटर, आणि आम्ही तिथे सगळ्यात शेवटी पोचलो.

फोटो नंतर टाकते. आणखी काय बघायला हवं होतं ते सांगा.

खिडकीची_सीट

झकास! 'आजोबा' हे एकक प्रमाणित करून घ्या. वाचनखूण साठवली.

तर्कटे

लेख आवडला. दोन शंका.

१. विषय उघड्यावरच्या शिल्पांचा आहे. कान्हेरीचे बुद्ध ओसरीत आहेत, वर छत आहे. परळचा शिव तर देवळात. बाद.

२. माप चौथऱ्यासकट की चौथरा सोडून? गेटवेला काय केलंत?

अबोली

तर्कटे, १ मान्य नाही. ओसरीत ऊन येतं, वारा येतो, माकडं येतात. २ बाबत आमच्या गाडीत पेडर रोडपर्यंत भांडण झालं. ओजसचं म्हणणं चौथरा धरायचा नाही, कारण "मी स्टुलावर उभा राहिलो की माझी उंची वाढते का?"

ओतकाम

पोराला माझ्याकडून शंभरपैकी शंभर. अहो, मोठमोठ्या लोकांना हे कळत नाही. न्यूयॉर्कची स्वातंत्र्यदेवता किती उंच, तर कुणी ९३ मीटर सांगतं, कुणी ४६. दोन्ही खरं. बाई ४६ मीटरची, उरलेला चौथरा. केवडियाचा सरदार पटेलांचा पुतळा नुसता १८२ मीटर. गुजरात विधानसभेच्या जागा १८२, म्हणून तो आकडा. पायथ्यासकट २४० होतो. आणि आपल्या इंदू मिलच्या जागेवरचं बाबासाहेबांचं स्मारक ४५० फूट म्हणतात त्यात १०० फूट चौथरा, ३५० फूट पुतळा. म्हणून आकडा ऐकला की पहिला प्रश्न, स्टूल धरून की स्टूल सोडून.

खिडकीची_सीट

थांबा थांबा. १८२ मीटर म्हणजे ५९७ फूट. भागिले साडेपाच. १०८!!! सरदार पटेल = १०८ आजोबा. जपमाळ पूर्ण.

मलकापूर_टेसन

मुंबईवाल्यांनो, जरा इकडेही या. आमच्या नांदुऱ्याचा हनुमान १०५ फूट. म्हणजे १९ आजोबा झाले. हायवेला लागूनच आहे, नागपूरला जाताना खिडकीतून दर्शन होतं. लहानपणी एसटीतून जाताना आम्ही पैज लावायचो, कोणाला आधी दिसतो. नेहमी ड्रायव्हर जिंकायचा.

चिंचपोकळीकर

धागा छान आहे, पण लालबागला जेवून तसेच परत गेलात याचं वाईट वाटलं. मुंबईचे सगळ्यात मोठे पुतळे तिथेच होतात. फक्त ते दहा दिवस टिकतात.

आमचं घर परळ वर्कशॉपपासून चालत पाच मिनिटांवर. गणपतीच्या आधी दोन-तीन महिने तिथल्या कारखान्यांमध्ये (मूर्तीच्या मंडपाला आम्ही कारखानाच म्हणतो) वीस-बावीस फुटांच्या मूर्ती ओळीने उभ्या असतात. म्हणजे चार आजोबा, तुमच्या कान्हेरीच्या बुद्धाएवढ्या! आधी सांगाडा, त्यावर काथ्या आणि प्लॅस्टर, मग घासकाम, मग रंगणी आणि सगळ्यात शेवटी डोळ्यांची आखणी. आखणीचा कारागीर वेगळा असतो. तो परातीवर चढला (बांबूच्या माचीला परात म्हणतात) की खाली कोणी मोठ्याने बोलत नाही. मी लहानपणी तासन् तास ते बघत बसलोय, शाळा बुडवून.

आणि खरं इंजिनिअरिंग आगमनाच्या दिवशी. ट्रॉलीची उंची, मूर्तीची उंची, मध्ये उड्डाणपूल, वर केबलच्या तारा. कार्यकर्ते आदल्या रात्री काठी घेऊन रस्ता मोजत फिरतात. मुकुट वेगळा ठेवून पुलाखालून गेल्यावर चढवलेला मी पाहिला आहे. तुमच्या ओजसला पुढच्या ऑगस्टमध्ये घेऊन या, आखणी दाखवतो.

अवांतर : चिंचपोकळीच्या चिंतामणीचं मंडळ १९२० चं, लालबागचा राजा १९३४ चा. म्हणजे शिवाजी पार्कच्या पुतळ्यापेक्षा जुनी परंपरा. मूर्ती दरवर्षी नवी, एवढंच.

तर्कटे

चिंचपोकळीकर, प्रतिसाद उत्तम, पण बांबूच्या माचीला 'परांची' म्हणतात. परात कणीक मळायला असते.

चिंचपोकळीकर

तुमच्या पुस्तकात परांची. आमच्या गल्लीत पोरं परातच म्हणायची. पण बरोबर आहे, परांची.

मांडवा_जेट्टी

गाडीच आहे तर भाऊच्या धक्क्यावरून रो-रोमध्ये (गाड्या नेणाऱ्या बोटीत) चढवा, मांडव्याला उतरा आणि थोडं पुढे सासवण्याला जा. तिथे नानासाहेब करमरकरांचं घर आणि शिल्पालय आहे. पुण्याच्या श्री शिवाजी प्रिपरेटरी शाळेतला महाराजांचा १९२८ चा अश्वारूढ पुतळा यांनीच घडवलेला. साडेतेरा फूट (अडीच आजोबा), एकसंध ओतलेला, आणि ओतला कुठे, तर मुंबईत, माझगावला. तिथून रेल्वेने पुण्याला गेला. पुतळे फिरतात म्हणता ना, हाही फिरलेला.

सासवण्याला अंगणात सिमेंटची एक म्हैस बसली आहे. भव्य वगैरे नाही, म्हशीएवढीच. पण आमच्याकडे आलेले पाहुणे तिला वळसा घालून जातात. खरं वाटून.

सुगरण_नाही

मला माहितीपूर्ण काही लिहायचं नाही. विचारायचं आहे की सकाळी साडेपाच ते संध्याकाळी पाच या प्रवासात नऊ वर्षांचा मुलगा आणि ७६ वर्षांचे वडील, तर स्वच्छतागृहांचं काय केलंत? प्रवासवर्णनात हे कोणीच लिहीत नाही.

अबोली

सुगरण_नाही, अगदी मुद्द्याचं. गेटवेजवळ सकाळी सुलभ उघडं होतं. गिरगावात खानावळीत. राणीच्या बागेत आत चांगली सोय आहे, तिकीट काढावं लागतं, पण त्यासाठीच काढलं तरी पैसे वसूल. (बुधवारी बाग बंद असते, लक्षात ठेवा.) कान्हेरीला वर आहे, पण पाणी आपलं न्या. पायऱ्या खूप आहेत, बाबा तीन ठिकाणी बसले. सोमवारी लेणी बंद.

पार्किंगचं एकदा वाजलं. फोर्टात एका ठिकाणी पावतीवर एक रक्कम आणि तोंडी दुसरी. बाबांनी चष्मा पुसून पावती मोठ्याने वाचायला घेतली, तेव्हा तोंडी रक्कम पावतीवर आली.

घोडदौड

गेटवेच्या पुतळ्यावरून आठवलं. घोड्याचे दोन पाय वर असतील तर स्वार लढाईत मेला, एक वर असेल तर जखमांनी, चारही खाली असतील तर नैसर्गिक मृत्यू. हे कुणी ओजसला सांगितलं की नाही?

ओतकाम

घोडदौड, हात जोडतो. हे व्हॉट्सअ‍ॅपवर ठेवा. असा कुठलाही नियम शिल्पकार पाळत नाहीत. महाराज १६८० मध्ये रायगडावर आजारपणाने गेले. त्यांचे पुतळे गावोगाव आहेत, प्रत्येक घोड्याचे पाय वेगळे. मग काय गावागणिक मृत्यूचं कारण बदलायचं?

पाय किती वर, हा तोलाचा आणि पैशाचा प्रश्न. घोड्याचं धड जड, पाय काठीसारखे. चार पाय खाली असले की सोपं. एक उचलला तरी जमतं. दोन्ही पुढचे उचलले की सगळा भार मागच्या दोन घोट्यांवर येतो. माद्रिदला चौथ्या फिलिपचा असा पुतळा आहे, १६४० चा. तिथे पुढचं अंग पोकळ आणि मागचं भरीव ठेवून तोल साधला आहे, आणि शेपटीचाही टेकू आहे. त्यासाठी गॅलिलिओचा सल्ला घेतला होता असं सांगतात. सांगायचं काय, मोठ्या पुतळ्यात कलाकाराइतकाच फाउंड्रीवाला आणि गणितवाला लागतो. त्यांचं नाव पाटीवर येत नाही.

मी ३१ वर्षं ओतशाळेत काढली. (आमच्याकडे पंपांच्या बॉड्या जास्त, पुतळे कमी. पण चार केले.) शाडूत मूर्ती होते, ती सगळे बघायला येतात. मग तिचा साचा, मेण, पुन्हा साचा, मेण वितळवून काढायचं आणि त्या पोकळीत रस ओतायचा. मोठा पुतळा एका ओतीत होत नाही. तुकडे ओतायचे, जोडायचे, सांधे घासायचे आणि मग आम्लं लावून रंग आणायचा. करमरकरांचा एकसंध ओतलेला घोडा म्हणूनच आमच्या धंद्यात दंतकथेसारखा सांगितला जातो.

दर्यावर्दी_२

ओतकाम काका, तुम्ही आहात तर विचारतो. मालवणला राजकोट किल्ल्यावरचा शिवाजी महाराजांचा पुतळा डिसेंबर २०२३ मध्ये उभा राहिला आणि ऑगस्ट २०२४ मध्ये पडला. मी त्या वेळी मालवणातच होतो, पाऊस-वारा होता हे खरं. पण नऊ महिन्यांत? २०२५ मध्ये तिथे नवा ६० फुटी उभा राहिला. समुद्राकाठी नेमकं काय होतं?

ओतकाम

त्या प्रकरणाची चौकशी, खटले ज्यांचं काम आहे ते करतील. मी फक्त धातूचं सांगतो.

समुद्राच्या वाऱ्यात मीठ असतं. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकलेले असले आणि मध्ये खारं पाणी आलं की बॅटरी तयार होते. त्यात एक धातू झिजतो. तांबं किंवा ब्राँझ बाहेर आणि साधं लोखंड आत, तर लोखंड झिजणार. बाहेरून पुतळा ठणठणीत दिसतो, आत नटबोल्ट खायला सुरुवात झालेली असते.

हे नवीन नाही. स्वातंत्र्यदेवतेचा तांब्याचा पत्रा अडीच मिलिमीटरपेक्षाही पातळ आहे, आतला लोखंडी सांगाडा आयफेलचा, तोच मनोरावाला. दोन धातू टेकू नयेत म्हणून मध्ये लाखेत भिजवलेलं अ‍ॅस्बेस्टॉस घातलं होतं. शंभर वर्षांत ते कुजलं, पाणी धरून बसलं आणि लोखंड गंजून फुगलं. १९८६ च्या शताब्दीआधी लोखंडी पट्ट्या काढून स्टेनलेस स्टीलच्या घातल्या. बंदरात उभ्या असलेल्या बाईला एवढं करावं लागलं.

केवडियाला समुद्र नाही, पण वारा आहे. म्हणून आत काँक्रीटचे दोन गाभे, त्यांना स्टीलचा सांगाडा, त्यावर ब्राँझचं आवरण, आणि डुलणं मारायला २५०-२५० टनांचे दोन लोलक. पुतळा म्हणण्यापेक्षा ती इमारत आहे, कपडे घातलेली.

सडेतोड_सदा

म्हणजे एवढं सगळं करायचं आणि खाली उभं राहून मान मोडायची. त्या पैशात किती दवाखाने झाले असते! अरबी समुद्रातल्या शिवस्मारकाचं भूमिपूजन २०१६ मध्ये झालं, पुढे काय? सगळे पक्ष सारखेच.

तर्कटे

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

संपादक

कोणत्या पुतळ्यावर किती खर्च व्हावा यासाठी वेगळा धागा काढावा. इथे भटकंती चालू आहे, ती चालू द्या. यानंतरचे तीन प्रतिसाद अप्रकाशित केले आहेत.

सडेतोड_सदा

बरं. मग भटकंतीतलंच बोलतो. वरळी सी-फेसवर आर. के. लक्ष्मण यांच्या सामान्य माणसाचा पुतळा आहे. तो यादीत नाही? धोतर, चौकड्यांचा कोट, चष्मा. शहरात जो बघायला लांबून यावं असा एकच पुतळा मला वाटतो, तो हा.

अबोली

सदा, कोस्टल रोडच्या नादात वरळी वरून निघून गेली! पण ओजसने त्याचा फोटो बघून निर्णय दिलाय की त्याला आजोबांनी मोजायचं नाही, कारण तो आजोबाच आहे.

मोडीवाचक

अप्रतिम लेख. व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्याबद्दल थोडी भर घालतो, कारण तो नुसता 'हलवलेला पुतळा' नाही.

तो मॅथ्यू नोबल यांनी घडवलेला, बडोद्याचे खंडेराव गायकवाड यांनी दिलेला. १८७२ मध्ये बसवला. आणि १८९६ मध्ये एका रात्री त्याला डांबर फासून गळ्यात खेटरांची माळ घातलेली सापडली. करणारे दामोदर चापेकर आणि त्यांचे बंधू. दुसऱ्याच वर्षी पुण्यात रँडचा वध झाला. म्हणजे भायखळ्याच्या हिरवळीवर जी शांत बसलेली बाई तुम्ही पाहिलीत, तिच्या अंगावरून मुंबईतली एक मोठी बंडाची रात्र गेलेली आहे. तिथे तेवढं सांगणारं कोणी भेटलं तर नशीब.

आणि राजाबाई टॉवरचं राहिलं. ओव्हलच्या बाजूने मान वर करून बघा, मनोऱ्यावर पश्चिम हिंदुस्थानातल्या निरनिराळ्या जातीजमातींचे २४ पुतळे आहेत. राजे नाहीत, देव नाहीत, माणसं. मनोरा १८७८ चा. ते पुतळे घडवणारे रावबहादूर मुकुंद रामचंद्र, हे आपल्या मुंबईचेच इंजिनिअर. दुर्बीण लागेल.

घोडदौड

ओतकाम, पायांचं मागे घेतो. फॅमिली ग्रुपवर खुलासा टाकला, दोन काकांनी ग्रुप सोडला.

अबोली

मोडीवाचक, चापेकरांचं माहीत नव्हतं! बाबांना वाचून दाखवलं तर म्हणाले, "माहीत होतं, पण पोरासमोर खेटरांची माळ सांगितली असती तर त्याने घरी कुणाला घातली असती."

परवा पुन्हा एक चक्कर झाली. कान्हेरीच्या वाटेवर त्या दिवशी राहून गेलेली पोदनपूरची त्रिमूर्ती. बोरिवली पूर्वेलाच, नॅशनल पार्कला लागून. आदिनाथ मध्ये, भरत आणि बाहुबली दोन बाजूंना, तिघेही उघड्यावर उभे. (तर्कटे, खास तुमच्यासाठी. छत नाही.) हायवेवरून रोज जाताना झाडांवर त्यांची डोकी दिसायची, मला लहानपणी वाटायचं तिथे कोणीतरी उंच माणसं राहतात. ओजसच्या मते मधले साडेपाच आजोबा.

आता पुढचा बेत. ऑगस्टमध्ये चिंचपोकळीकरांकडे आखणी बघायला (नक्की येतोय, तुम्हाला निरोप पाठवते). त्याआधी रो-रोने सासवणे, म्हैस बघायला. ओजसचा प्रकल्प शाळेत लागलाय, त्यात खालून शंभर आजोबा एकावर एक काढलेत आणि कागद संपला म्हणून वरचे आठ बाजूला.

खिडकीची_सीट

त्या चित्राचा फोटो टाकल्याशिवाय धागा बंद करू नका. आणि आजोबांची या सगळ्यावर प्रतिक्रिया काय?

अबोली

फोटो संध्याकाळी टाकते. बाबा म्हणतात, सासवण्याला येतो, पण एकक बदला. प्रत्येक पुतळ्यापुढे ताठ उभं राहून पाठ धरली आहे.